जमीन गावाची, आकाश वॉशिंग्टनचं : हॉस्पिटलच्या हेलिपॅडबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की अमेरिकेत हॉस्पिटलचं हेलिपॅड म्हणजे परवान्यांच्या कामातलं सगळ्यात डोकं पिकवणारं प्रकरण, तर त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी कापलीत, आणि हॉस्पिटलांची नावं मुद्दाम गाळलीत कारण काही प्रकरणं अजून चालू आहेत. मी प्लॅनिंगवाली आहे, वकील नाही, त्यामुळे कोर्टात जायची वेळ आलीच तर माझ्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. घरापासून दोन ब्लॉकवर हॉस्पिटल आहे आणि आता त्याच्या छतावर हेलिपॅड करायचं चाललंय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय, अर्धे म्हणतात घरांच्या किमती पडणार, अर्धे म्हणतात उद्या तुमच्याच घरात कोणाला अटॅक आला तर काय करणार. हॉस्पिटलचा माणूस म्हणतो "एफएएची मंजुरी आलीये". म्हणजे विषय संपला का? आम्हाला साधी नोटीससुद्धा आलेली नाही.

उत्तर : संपला कुठला, बहुतेक अजून सुरूही झालेला नाही. "एफएएची मंजुरी आलीये" हे वाक्य मी दर प्रकरणात ऐकते आणि दर वेळी तेच सांगते की एफएए, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, केंद्र सरकारचं हवाई वाहतुकीचं खातं, हॉस्पिटलच्या हेलिपॅडला मंजुरी वगैरे देत नाही. होतं काय, तर फेडरल नियमांचा पार्ट १५७ आहे, त्याप्रमाणे नवीन हेलिपॅड करणाऱ्याने काम सुरू करायच्या निदान ९० दिवस आधी एफएएला कळवायचं, फॉर्म नंबर ७४८०-१. मग एफएए आकाशाच्या बाजूने बघते, म्हणजे जवळ विमानतळ आहे का, येण्याजाण्याचे मार्ग कोणाच्या आडवे येतात का, खालच्या माणसांना धोका आहे का, आणि तीनपैकी एक उत्तर देते : हरकत नाही, अमुक अटींवर हरकत नाही, किंवा हरकत आहे. हे मत झालं, परवाना नव्हे. त्याच नियमात स्वच्छ लिहिलंय की हे मत मिळालं म्हणून गावाचे आणि राज्याचे कायदे पाळायची जबाबदारी सुटत नाही. हॉस्पिटलवाले हे वाक्य मीटिंगमध्ये वाचून दाखवत नाहीत, तुम्ही वाचा.

तसंच हेलिपॅड कसं असावं याचं एफएएचं एक जाडजूड सर्क्युलर आहे, १५०/५३९०-२, त्याची ताजी डी आवृत्ती २०२३ ची. त्यात सगळं आहे, पॅडची मापं, दिवे, रंग, उतरायचे मार्ग. पण नावातच ॲडव्हायझरी आहे. फेडरल पैसा घेतला असेल तर बंधनकारक, नाहीतर सल्ला. तो सल्ला कायदा कधी बनतो, तर राज्य किंवा टाउनशिप आपल्या नियमात लिहिते की "एफएएच्या सर्क्युलरप्रमाणे असलं पाहिजे" तेव्हा. म्हणजे एफएएच्या पुस्तकाला दात बसवायचं काम गावालाच करावं लागतं, हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

न्यू जर्सीत यात तिसरा खेळाडू आहे, राज्याचं ट्रान्सपोर्टेशन खातं, ते हेलिपॅडला लायसन्स देतं. (सगळ्या राज्यांत असं नाहीये, काही राज्यं यात पडतच नाहीत.) गाव आणि राज्य यांच्यात वरचढ कोण यावर न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच निकाल दिलाय, गार्डन स्टेट फार्म्स विरुद्ध बे, हॉथॉर्न गावच्या एका खासगी हेलिपॅडचं प्रकरण होतं. कोर्ट म्हणालं की झोनिंग करायचा, म्हणजे कुठल्या जागेचा काय वापर व्हावा हे ठरवायचा, अधिकार गावाला आहेच, पण शेवटचा शब्द राज्याच्या कमिशनरचा, मात्र त्याने गावाचं म्हणणं गांभीर्याने ऐकलं पाहिजे. म्हणून गावाच्या रेकॉर्डवर तुमचं म्हणणं नीट नोंदलेलं असणं महत्त्वाचं, कारण पुढे राज्याकडे तेच रेकॉर्ड जातं.

आता नोटीस. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे सुनावणीच्या निदान १० दिवस आधी, त्या प्रॉपर्टीपासून २०० फुटांच्या आत ज्यांची जागा आहे त्यांना नोटीस द्यायची आणि ती जाहीर प्रसिद्धही करायची. २०० फूट! एवढ्यात बऱ्याच हॉस्पिटलांचं पार्किंग आणि समोरचा रस्ताच संपतो. आणि त्याच हेलिपॅडचा उतरायचा मार्ग एफएएच्या हिशोबाने ४,००० फूट लांब असतो, पॅडपाशी चिंचोळा आणि लांबच्या टोकाला ५०० फूट रुंद. म्हणजे ज्यांच्या डोक्यावरून ते जाणार त्यातल्या बहुतेकांना पत्र येतच नाही. कायदा मोडलेला नसतो बरं का, कायदाच गॅस स्टेशन आणि दुकानांच्या हिशोबाने लिहिलेला आहे. त्यामुळे नोटिशीची वाट बघत बसू नका, टाउनशिपच्या वेबसाइटवर झोनिंग बोर्ड आणि प्लॅनिंग बोर्ड दोन्हीचे अजेंडे बघत राहा, आणि क्लार्कच्या ऑफिसात जाऊन फाइल मागा, ती कोणालाही बघता येते.

बोर्डासमोर पहिला वाद बहुधा असा होतो की हेलिपॅड हा हॉस्पिटलच्या वापराचाच भाग मानायचा की वेगळा वापर. वेगळा मानला तर यूज व्हेरियन्स, म्हणजे झोनिंगमध्ये न बसणाऱ्या वापराला खास परवानगी, लागतो आणि त्याला ७ जणांच्या बोर्डात ५ मतं लागतात. पण हुरळून जाऊ नका, न्यू जर्सीत हॉस्पिटल म्हणजे मुळातच लोकहिताचा वापर असं कायदा मानतो, त्यामुळे पारडं तिकडे झुकलेलंच असतं. १९९२ च्या सायका प्रकरणात कोर्टाने बोर्डाला पायऱ्या घालून दिल्यात : लोकहित किती, त्रास किती, अटी घालून त्रास किती कमी करता येईल, आणि मग दोन्ही तोलायचं. माझं स्पष्ट मत, तुमचा सगळा जोर त्या तिसऱ्या पायरीवर लावा. "नकोच" म्हणणारे बहुतेक हरतात आणि अटीही मिळत नाहीत, हे फार वाईट वाटतं बघायला. अटी मागा : फक्त पेशंटसाठी, डायरेक्टरांच्या येण्याजाण्यासाठी नाही. छतावर इंधन भरणं नाही, दुरुस्ती नाही, ट्रेनिंगच्या चकरा नाहीत, पेशंट उतरला की इंजिन चालू ठेवून थांबणं नाही. प्रत्येक फ्लाइटची नोंद ठेवायची आणि दर वर्षी बोर्डाला द्यायची.

अजून एक. हॉस्पिटल साउंड इंजिनियर आणेल आणि तो एक चार्ट दाखवेल की आवाज ६५ डेसिबलच्या खाली आहे. तिथे हात वर करायचा. ते ६५ म्हणजे डीएनएल, अख्ख्या २४ तासांची सरासरी, रात्री १० ते सकाळी ७ मधल्या आवाजाला १० डेसिबल वाढवून धरतात तरी सरासरीच ती. आठवड्याला चार फ्लाइट दिवसभरावर पसरल्या की चार्टवर काहीच दिसत नाही, आणि तुम्ही तर रात्री तीनला सरासरीने जागे होत नाही. एका फ्लाइटचा आवाज किती, जास्तीत जास्त किती, खिडकी बंद असताना बेडरूममध्ये किती, हे आकडे मागा. इंजिनियरकडे ते असतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि बोर्डाचा निकाल पटला नाही तर तो प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत कोर्टात जावं लागतं, ४६व्या दिवशी नाही.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. रात्री दोन-दोन वाजता हेलिकॉप्टर घरावरून इतकं खालून जातं की भिंतीवरचे फोटो हलतात. सिटीला फोन केला तर म्हणतात एफएएला विचारा, एफएए म्हणते हॉस्पिटलला विचारा, हॉस्पिटल म्हणतं हेलिकॉप्टर आमचं नाही कंपनीचं आहे. ही टोलवाटोलवी कुठे संपते? आणि इतक्या खालून उडणं बेकायदेशीर नाही का?

उत्तर : टोलवाटोलवी आहे खरी, पण गंमत म्हणजे तिघंही खरं बोलतायत. पॅड कुठे असावं हे सिटी ठरवू शकते. पॅडवरून उठलं की मात्र सिटीचा संबंध संपला, तिथून पुढे सगळं फेडरल. कॅलिफोर्नियातल्या बरबँक शहराने रात्री ११ ते सकाळी ७ जेट विमानं उडवायला बंदी घातली होती, ती १९७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने उडवून लावली, तेव्हापासून हे पक्कं झालंय. उलट बाजूला मिशिगनमधल्या लेक एंजलस गावाने आपल्या तळ्यावर सी-प्लेन उतरवायला बंदी घातली होती ती फेडरल अपील कोर्टाने १९९६ मध्ये चालवून घेतली, कारण कुठे उतरायचं हा जमिनीचा प्रश्न. या दोन निकालांच्या मधल्या फटीत तुमचं हेलिकॉप्टर उडतंय.

खालून उडण्याचं म्हणाल तर दाट वस्तीवर विमानाला सगळ्यात उंच अडथळ्याच्या १,००० फूट वर राहावं लागतं, पण त्याच नियमात, ९१.११९ मध्ये, हेलिकॉप्टरला सूट आहे, खालच्या माणसांना आणि मालमत्तेला धोका नसेल तर त्याहून खालून जाता येतं. आणि उतरताना-चढताना तर कोणालाच ही मर्यादा नाही. तेव्हा बेकायदेशीर म्हणता येणार नाही. कॅलिफोर्नियात तर राज्याचाच कायदा आहे की मेडिकल इमर्जन्सीच्या फ्लाइट्सना गावाचे वेळेचे आणि आवाजाचे निर्बंध लागूच होत नाहीत. मला विचाराल तर बरोबरच आहे ते, रात्री दोनला हायवेवर आपटलेल्या पोराला सकाळी सातपर्यंत थांब असं कोण सांगणार.

पण कॅलिफोर्नियात तुमच्या हातात दुसरी गोष्ट आहे जी इतर ठिकाणी नसते. इथे कायमच्या हेलिपॅडला कॅलट्रान्सच्या, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याच्या, एरोनॉटिक्स विभागाचा परमिट लागतो, त्याआधी सिटी कौन्सिलची किंवा काउंटीची मंजुरी लागते, एअरपोर्ट लँड यूज कमिशनकडे प्रकरण जातं. हे सगळे कागद पब्लिक आहेत. ते काढा आणि बघा कोणता मार्ग मंजूर झाला होता आणि वर्षाला किती फ्लाइट सांगितल्या होत्या. कदाचित परमिट नसेलही, तरी लगेच उडी मारू नका, कारण इथे इमर्जन्सी लँडिंग साइट नावाची एक पळवाट, म्हणजे सोय, आहे : पब्लिक सेफ्टीच्या अधिकाऱ्याने ठरवून दिलेली जागा, १२ महिन्यांत सरासरी महिन्याला ६ पेक्षा जास्त पेशंटसकट लँडिंग नाहीत, तर त्याला परमिट लागत नाही. बरीच छोटी हॉस्पिटलं पार्किंगच्या कोपऱ्यात अशीच चालवतात. ६ चे १० झाले तर मात्र तुमचा फोन कॅलट्रान्सला जायला हवा.

प्रत्यक्षात उपयोग कशाचा होतो, तर हॉस्पिटलमध्ये हेलिपॅड ज्याच्याकडे असतं त्या माणसाला गाठणं, तो बहुधा फॅसिलिटीज नाहीतर ट्रॉमा विभागात असतो. त्याला तारीख, वेळ आणि कुठल्या दिशेने आलं एवढं लिहून पाठवा, भावना नकोत. हेलिकॉप्टरवाल्यांचा स्वतःचाच फ्लाय नेबरली म्हणून स्वेच्छेचा कार्यक्रम आहे, वारा परवानगी देईल तेव्हा हायवेवरून किंवा पाण्यावरून या असं पायलटना सांगितलं जातं, आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. सॅन फ्रान्सिस्कोत यूसीएसएफच्या मिशन बे हॉस्पिटलच्या वेळी तर आसपासच्या काही घरांना आवाज कमी करायच्या खिडक्या वगैरे करून द्यायची योजना करावी लागली होती. ती परवान्याच्या टप्प्यावर भांडल्यामुळे मिळाली, नंतर मिळत नाही.

नुकसानभरपाई? थिअरीत आहे. १९४६ चं कॉजबी प्रकरण प्रसिद्ध आहे, नॉर्थ कॅरोलिनातला कोंबड्या पाळणारा माणूस, लष्करी विमानं इतकी खालून जायची की कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरायच्या, धंदा बसला, आणि सुप्रीम कोर्टाने सरकारला भरपाई द्यायला लावली. पण तिथे सारखी विमानं होती. आठवड्याला दोन मेडिकल फ्लाइटवर कोणी भरपाई देईल असं मला वाटत नाही.

प्रश्न : छतावर हेलिकॉप्टर पडलं तर? खालच्या मजल्यावर माझी सासू ॲडमिट असते नेहमी, मला तर झोप लागत नाही हे ऐकल्यापासून. आणि त्या पॅडवर एच का लिहितात आणि बाजूला आकडा कसला?

उत्तर : पडलेली आहेत, खोटं कशाला सांगू. २९ मे २००८ ला मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सच्या बटरवर्थ हॉस्पिटलच्या छतावर एक सिकॉर्स्की हेलिकॉप्टर अँटेनाच्या टॉवरला धडकून कोसळलं आणि पेटलं. आत पायलट आणि एफएएचा इन्स्पेक्टर दोघंच होते, दोघंही वाचले. ६ नोव्हेंबर २०२० ला लॉस एंजलिसच्या केक हॉस्पिटलच्या छतावर प्रत्यारोपणासाठी हृदय घेऊन आलेलं हेलिकॉप्टर आडवं झालं, फायर ब्रिगेडने मोडलेल्या सांगाड्यातून हृदयाचा डबा काढून एका कर्मचाऱ्याच्या हातात दिला आणि तो दोन पावलांवर अडखळून पडला, डबा खाली. तरी ते हृदय पेशंटला बसवलं गेलं, नीट चाललं. पायलटला किरकोळ लागलं होतं.

या दोन्ही वेळा खालचे मजले शाबूत राहिले ते नशिबाने नाही. छतावरच्या हेलिपॅडसाठी आगीचं वेगळं स्टँडर्ड आहे, एनएफपीए ४१८. पॅड न जळणाऱ्या मटेरियलचं, उतार असा की सांडलेलं इंधन जिन्यापासून लांब वाहून जाईल, बाहेर पडायला निदान दोन वेगळे रस्ते, आणि माणसं असलेल्या इमारतीच्या छतावर साधारणपणे आग विझवायच्या फोमची सोय. हेसुद्धा फेडरल नाहीये! एनएफपीए ही स्टँडर्ड लिहिणारी संस्था आहे, तिचा नियम लागू होतो तो राज्याच्या किंवा शहराच्या फायर कोडमधून, आणि तपासतो तो तुमचा लोकल फायर मार्शल. फोमची शेवटची टेस्ट कधी झाली हे विचारायचं असेल तर त्याच्याच ऑफिसात विचारा. एफएए खासगी हेलिपॅडवर दर वर्षी तपासायला वगैरे येत नाही, लोकांना उगाच वाटतं.

छताच्या कडेने तुम्हाला आडवी जाळी दिसेल, ती माणूस पडू नये म्हणून, कठडा का नाही तर कठडा हेलिकॉप्टरच्या शेपटीला लागेल. एचचं म्हणाल तर साध्या हेलिपॅडवर पांढरा एच असतो, हॉस्पिटलच्या पॅडवर पांढऱ्या क्रॉसवर लाल एच, म्हणजे पायलटला वरून कळतं की हे हॉस्पिटल आहे. कोपऱ्यातला आकडा वजनाचा, हजार पाउंडात. १२ लिहिलं असेल तर १२,००० पाउंडांच्या वरचं हेलिकॉप्टर तिथे उतरवायचं नाही.

खरं सांगायचं तर मला छतापेक्षा जमिनीवरच्या पॅडची जास्त काळजी वाटते, पार्किंगच्या शेजारी असतात ती. पंख्याचा वारा काय करतो हे लोकांना कळत नाही. इंग्लंडात प्लिमथच्या डेरिफर्ड हॉस्पिटलमध्ये मार्च २०२२ मध्ये कोस्टगार्डचं मोठं हेलिकॉप्टर उतरताना वाऱ्याच्या झोताने कार पार्कमधली ८७ वर्षांची बाई उडून पडली आणि गेली. सासूबाईंना भेटायला जाल तेव्हा हेलिकॉप्टर येताना दिसलं तर व्हिडिओ काढायला थांबू नका, गाडीत बसा किंवा आत जा.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये एका हॉस्पिटलच्या फॅसिलिटीज विभागात इंजिनियर आहे. शेजारच्या प्लॉटवर अपार्टमेंटचं काम निघालंय, १५० फुटी क्रेन उभी राहतेय आमच्या पॅडपासून साधारण ४०० फुटांवर. आमच्या बॉसला वाटतं की एफएए थांबवेल. थांबवेल का?

उत्तर : नाही थांबवणार, आणि कदाचित तिला कळणारही नाही. बांधकामांची नोटीस फेडरल पार्ट ७७ खाली जाते, फॉर्म ७४६०-१, काम सुरू व्हायच्या ४५ दिवस आधी. कुठेही २०० फुटांच्या वरचं काही उभं करायचं तर ती द्यावी लागते. २०० च्या खाली असेल तर हेलिपोर्टच्या ५,००० फुटांच्या आत २५ ला १ या चढाचा हिशोब लागतो, पण तो कोणत्या हेलिपोर्टला, तर सार्वजनिक वापराच्या, सरकारी-लष्करी, किंवा ज्याला एफएएने मान्य केलेली इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे बाहेर दिसत नसताना उपकरणांच्या आधाराने उतरायची ठरलेली वाट, आहे त्याला. हॉस्पिटलचं पॅड कागदोपत्री खासगी असतं. जीव वाचवणारी जागा, पण वर्गीकरणात कोणा श्रीमंताच्या फार्महाउसवरच्या पॅडच्या शेजारी. मला या सगळ्या नियमांमधली ही सगळ्यात मोठी खोट वाटते, गाव पॅडला परवानगी देतं, अटी घालतं, आणि पाच वर्षांनी तेच गाव त्याच्या उतरायच्या मार्गात इमारतीला परवानगी देतं कारण दोन फाइली दोन टेबलांवर असतात.

तुमचा हिशोब करू. मार्गाचा चढ ८ ला १, म्हणजे ८ फूट पुढे गेलं की १ फूट वर. ४०० फुटांवर ती रेषा पॅडच्या पातळीपासून ५० फुटांवर असते. पॅड जमिनीवर असेल तर १५० ची क्रेन त्या रेषेतून १०० फूट वर निघते. क्रेन त्या मार्गात असेल तर तो मार्ग गेलाच म्हणून समजा. आणि समजा नोटीस गेली आणि एफएएने लिहिलं की हा धोका आहे, तरी बांधकाम थांबवायचा अधिकार तिला नाहीये. ते बिल्डिंग परमिट देणारं शहर करू शकतं, किंवा बिल्डरची बँक आणि इन्शुरन्सवाले घाबरून करतात.

आज करायचं काय : तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या हेलिकॉप्टर कंपन्यांना क्रेनची जागा आणि उंची लेखी कळवा, एका कंपनीला नव्हे, सगळ्यांना, शेजारच्या काउंटीतून वर्षातून दोनदा येणाऱ्यालाही, कारण आपटतो तो नेमका नवखाच. कॉन्ट्रॅक्टरशी बसून ठरवा की क्रेनच्या टोकाला दिवा आणि झेंडा, काम संपलं की बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, खाली, आणि हेलिकॉप्टर निघाल्याचा निरोप आला की क्रेनवाल्याला रेडिओवर कोण सांगणार. मी पाहिलेल्या बऱ्याच साइट्सवर कॉन्ट्रॅक्टर हे आनंदाने करतात, त्यांना फक्त कोणी विचारलेलं नसतं. तुमचा दुसरा मार्ग मोकळा आहे का बघा, पॅडला निदान दोन दिशांनी येता यावं म्हणतात ते याचसाठी. लांबचं काम म्हणजे शहराकडून पॅडच्या मार्गांखाली उंचीची मर्यादा घालून घेणं, नाहीतर शेजाऱ्यांकडून हवेतल्या मार्गाचा हक्क विकत घेणं, नाहीतर इन्स्ट्रुमेंट अप्रोच करून घेणं, म्हणजे पार्ट ७७ ची नोटीस आपोआप लागू होते. तिन्हीला वेळ आणि पैसा लागतो, बॉसला हे आत्ताच सांगून ठेवा.

प्रश्न : साताऱ्याहून आलेल्या माझ्या बाबांना इथे पडून डोक्याला लागलं. ॲम्ब्युलन्सने जवळच्या छोट्या हॉस्पिटलच्या हेलिपॅडवर नेलं, आत नेलंच नाही, तिथूनच हेलिकॉप्टरने मोठ्या हॉस्पिटलला. दारात असून डॉक्टरने बघितलंसुद्धा नाही, हे कायद्यात बसतं? आणि बिल बघून आम्ही गार पडलोय.

उत्तर : बाबा आता बरे असतील अशी आशा करते. कायद्यात बसतं. १९८६ च्या एम्टाला कायद्याने इमर्जन्सीत आवारात आलेल्या कोणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही हे खरं, पण ॲम्ब्युलन्स आणि हेलिकॉप्टर यांनी फक्त भेटायची जागा म्हणून पॅड वापरलं तर त्या हॉस्पिटलवर ती जबाबदारी येत नाही, असं फेडरल मार्गदर्शनात स्पष्ट आहे. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी किंवा तुम्ही तिथे "डॉक्टर बोलवा" म्हटलं असतं तर मात्र आली असती. डोक्याच्या दुखापतीत सरळ न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी नेलं हे, माझ्या मते, त्या पोरांनी बरोबर केलं.

बिलाचं दुखणं वेगळं. १९७८ च्या एअरलाइन डीरेग्युलेशन कायद्याने विमान कंपन्यांच्या दरांत राज्यांनी पडायचं नाही असं ठरलं, आणि एअर ॲम्ब्युलन्सही त्यात एअर कॅरिअर म्हणून बसते, त्यामुळे वर्षानुवर्षं राज्यांचे हात बांधलेले होते. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस कायदा आला, त्यात इन्शुरन्स कंपनीच्या नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे तिच्याशी करार नसलेल्या, हेलिकॉप्टरचं उरलेलं बिल पेशंटच्या माथी मारता येत नाही. पण तो इथल्या नेहमीच्या हेल्थ इन्शुरन्सला, आईवडिलांसाठी आपण घेतो त्या व्हिजिटर इन्शुरन्सला नाही. तेव्हा पॉलिसीत एअर ॲम्ब्युलन्सची मर्यादा किती आहे बघा, कंपनीला आयटमवार बिल मागा, आणि पहिला आकडा भरू नका. या कंपन्या घासाघीस करतात, हॉस्पिटलांपेक्षा जास्त.

प्रश्न : आमच्या चिरंजीवांना वाढदिवसाला ड्रोन मिळालाय आणि अर्ध्या मैलावर हॉस्पिटलचं हेलिपॅड आहे. कोणी म्हणतं ५ मैलांत उडवायचाच नाही.

उत्तर : तो ५ मैलांचा नियम २०१८ च्या कायद्याने गेला, जुन्या वेबसाइटवर अजून आहे. आता हौशी लोकांना ४०० फुटांची मर्यादा, डोळ्यासमोर ठेवायचा, ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन टेस्ट द्यायची, २५० ग्रॅम किंवा जास्त वजन असेल तर रजिस्टर करायचा, विमानतळाच्या नियंत्रित हद्दीत असाल तर आधी परवानगी. हेलिपॅडला बहुधा अशी हद्द नसते, पण माणूस बसलेलं काहीही येताना दिसलं किंवा ऐकू आलं तर ड्रोन लगेच खाली, यात वाद नाही. अर्ध्या मैलावर हेलिकॉप्टर खालीच आलेलं असतं, ते ४०० च्या वर असेल असं धरू नका. टाउनशिपच्या पार्कात ड्रोन सोडायला गावाची बंदी असू शकते, ती पाटी वाचा, कारण तिथे उभं राहून उडवणं हा पुन्हा जमिनीचा प्रश्न. लेझर पॉइंटर घरात असेल तर तो आधी काढून घ्या, हेलिकॉप्टरवर मारणं फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. आणि दिवाळीत ते आकाशात सोडायचे पेटते कंदील आणायचा विचार असेल तर बऱ्याच राज्यांत त्यांना बंदीच आहे, आणायच्या आधी फायर मार्शलच्या ऑफिसला फोन करा.